सेट बदलू नकोस, आधी वरचा जोड उघड

बेळगाव, खडेबाजार

प्रिय दोस्ता,

परवा तुझा फोन ठेवला आणि रात्रभर तेच डोक्यात राहिलं. दुपारनंतर जीपीएस सेटच्या पडद्यावरची बोट जागच्या जागी थांबते, मग सिग्नल नाही म्हणून येतं, आणि कारवारच्या बैतखोल बंदरावरचा मिस्त्री म्हणतो, सेट गेला, नवा घ्या. मागं इंजिनाचा आवाज, त्यात तुझा आवाज तुटत होता, नीट सांगता आलं नाही. म्हणून सगळं लिहून पाठवतोय. नवा सेट घेऊ नकोस. निदान मी सांगतो तेवढं करून होईपर्यंत तरी नको.

एवढं ठामपणे का सांगतो ते ऐक. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी 31 जुलैला संपली आणि चार दिवसांनी वेंगुर्ल्याहून मेव्हण्याचा फोन आला. त्याच्या ट्रॉलरवर अगदी हाच प्रकार. जाळं खडकाला अडकून फाटलं, कारण बोट हाकणारा तांडेल सेटमध्ये साठवलेल्या ज्या खुणेवर, म्हणजे मार्कावर, विसंबला होता तो पडद्यावर भलतीकडंच सरकला होता. वेंगुर्ल्यासमोरचे ते खडक तुला माहीत आहेत, दीपगृह आहे त्यावर. पावसाच्या धुरकटीत दिवा दिसला तेव्हा त्यांना कळलं आपण कुठं आलोय ते. बहिणीनं हे सांगितलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला बघ.

मी गेलो, सेट काढला, टॉवेलात गुंडाळला आणि आंबोलीमार्गे बेळगावला आणला. घराच्या गच्चीवर बॅटरी ठेवली, दुकानातला दुसरा अँटेना लावला. चार-पाच मिनिटांत उपग्रह धरले. जागा कळायला निदान चार लागतात, त्यानं आठ धरले. आणि गंमत म्हणजे उत्तरेचा आकडा 15 अंश 51 मिनिटांच्या आसपास, म्हणजे वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर जो असतो जवळजवळ तोच! आपलं बेळगाव आणि वेंगुर्ला एकाच आडव्या रेघेवर आहेत हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. फरक फक्त पूर्वेच्या आकड्यात. त्या क्षणी कळलं, सेट ठणठणीत आहे. दोष वर काठीवर आहे.

पुढच्या रविवारी मीटर घेऊन परत गेलो. अँटेना म्हणजे अळंबीसारखी पांढरी टोपी असते ना, तिच्या खालचा जोड फिरवून उघडला आणि आत बघतो तर तांब्याची जाळी हिरवीगार. बोट लावलं तर ओला चुरा निघाला, जिभेला लावून बघितला, खारट. वरचा रबर कुठंतरी एक केसभर फाटला असणार, तिथून समुद्राचं पाणी आत शिरलं आणि जाळी त्याला वातीसारखी ओढत खाली घेऊन गेली. मी वायर कापत गेलो, कापत गेलो, दोन हात वायर गेल्यावर कुठं चकचकीत तांबं दिसलं. बाहेरून ती वायर अगदी नवी दिसत होती रे.

हे एवढं का जड जातं ते समजून घे. उपग्रह 20,200 किलोमीटरवर आहेत, तिथून येईपर्यंत सिग्नल अगदी क्षीण झालेला असतो. म्हणून टोपीच्या आतच तो वाढवणारं सर्किट बसवलेलं असतं, आणि त्याला लागणारी वीज सेटकडून त्याच वायरीतून वर जाते. आपल्या टीव्हीच्या डिशवर पुढं जो एलएनबी नावाचा डबा असतो, त्याला जाते तशीच. जोडात खारं पाणी आलं की ती वीज तिथंच गळते. मेव्हण्याच्या सेटच्या तोंडाशी मीटर 5 व्होल्ट दाखवत होता, आणि वरच्या टोकाला जेमतेम दोन, तेही वायर हलवली की वरखाली. तू हेच मोजायचं आहेस. मधल्या पिनेवर एक टोक, बाहेरच्या कड्यावर दुसरं. पण सावकाश, दोन्ही टोकं एकमेकांना लागू देऊ नकोस, सेटमधला फ्यूज जाईल. आणि तुझ्या सेटच्या पुस्तकात किती व्होल्ट लिहिलेत ते आधी बघ, काही 3.3 वरच चालतात.

दुपारनंतरच का, हे तू विचारलं होतंस. माझा अंदाज असा की ऊन तापलं की जोडातलं धातू-प्लॅस्टिक फुगतं आणि अर्धवट लागलेली पिन सुटते. हात लावून हलवून बघ, लगेच कळेल.

वेंगुर्ल्याला एवढ्यावर भागलं नाही. नवा जोड लावला, सकाळभर उत्तम, संध्याकाळी पुन्हा उपग्रह गायब. मी हैराण. खलाशी केबिनमध्ये टीव्ही लावून बसले होते. टीव्हीच्या अँटेनाचा बूस्टर, म्हणजे सिग्नल वाढवणारा डबा, बंद केला आणि एकेक उपग्रह परत आला. 2001 मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंग बंदरावर हेच झालं होतं, बोटींवरच्या टीव्ही अँटेनांच्या बूस्टरांनी अख्ख्या बंदरातला जीपीएस बंद पाडला होता. तुझ्या शेजारच्या बोटीवरही असला डबा आहे का ते विचार. स्वस्तातले एलईडी दिवेही एकेक करून बंद करून बघ.

मेव्हण्यानं जूनमध्ये केबिन रंगवताना ती टोपीही रंगवली होती, ते खरवडून काढावं लागलं. रंग लावू नका रे त्याला. शिवाय ती टोपी वायरलेसच्या काठीला अगदी खेटून होती, म्हणून तिथून लांब नेली.

तारीख चुकीची येते म्हणालास, त्याची काळजी नको. उपग्रह आठवडे 1024 पर्यंत मोजतात आणि मग शून्यापासून. 6 एप्रिल 2019 ला ते पुन्हा शून्यावर आले, तेव्हापासून काही जुने सेट 19 वर्षं 7 महिने मागची तारीख दाखवतात. जागा बरोबर असते. अँटेनाचा त्यात काही संबंध नाही.

नवा जोड लावलास की त्यावर तो स्वतःलाच चिकटणारा रबरी टेप ताणून गुंडाळ, खालून वर, म्हणजे पाणी घडीत अडकणार नाही. साधा काळा टेप उन्हात सुटतो. आणि केबिनमध्ये शिरण्याआधी वायरीला खाली एक झोका ठेव, पाणी तिथून ठिबकून जाईल.

हे होईपर्यंत एक कर माझ्यासाठी. सगळे मार्क वहीत उतरवून घे, आणि होकायंत्र जवळ ठेवल्याशिवाय किनारा दिसेनासा होईल इतकं आत जाऊ नकोस. वहिनींनी मला वेगळा फोन केला होता, तुला सांगितलं नसेल त्यांनी. घाबरल्यात त्या.

या रविवारी सकाळच्या बसनं कारवारला येतोय. मीटर, टेप, दहा मीटर वायर आणि जोड सगळं घेतलंय, पोरांसाठी कुंदाही. त्याआधी जोड उघडलासच तर फोटो पाठव, किती वायर कापावी लागेल ते इथूनच सांगतो.

तुझाच,
खानापूरच्या बाकावरचा