जीवशास्त्राचे भावी शिक्षक

संपादक महोदय,

जीवशास्त्राची पदवी घेऊन अध्यापनाकडे वळणाऱ्यांना विषय आणि अध्यापनशास्त्र वेगवेगळे शिकवले जाते, आणि मुलांच्या मनात आधीच काय पक्के बसले आहे याचा विचार या दोहोंच्या मध्येच राहून जातो. झाडाचे वजन मातीतून येते, ही समजूत प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण पाठ असलेल्या पदवीधरांमध्येही आढळते. शास्त्रज्ञ व्हॅन हेल्माँट यांच्या १६४८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कुंडीतले विलोचे झाड पाच वर्षांत सुमारे ७४ किलोने वाढले, माती मात्र जेमतेम ५७ ग्रॅम घटली. तरीही त्यांनी सारे श्रेय पाण्याला दिले, कारण झाड हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन वाढते, हे तेव्हा ठाऊकच नव्हते. अशा प्रयोगावर वर्गात चर्चा कशी घडवावी, याचा सराव पदवीच्या प्रात्यक्षिकांतच व्हावा, अशी आग्रहाची विनंती आहे.

आपली,
जीवशास्त्राची एक विद्यार्थिनी