रस्ता वर आला, घर खाली गेले

मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री,
गोवा राज्य

सा. न. वि. वि.

सत्तरी तालुक्यातल्या आमच्या घराच्या सोप्यावरून रस्त्यावर जायला पूर्वी तीन पायऱ्या उतराव्या लागत. आज एक पायरी चढावी लागते. घर खचलेले नाही. दर काही वर्षांनी जुन्या डांबरावर नवे हॉटमिक्स, म्हणजे डांबर-खडीचे गरम मिश्रण, पडत गेले आणि रस्ताच वर आला. आता आषाढात रस्त्यावरचे पाणी सरळ आमच्या अंगणात उतरते, तुळशीवृंदावन घोटाभर पाण्यात उभे असते.

तक्रार करताना थोडा संकोच वाटतो, कारण मी स्वतः बावीस वर्षे एका कंत्राटदाराकडे सुपरवायझर होतो. असे थर मीही टाकून घेतले आहेत. जुना रस्ता झाडायचा, टॅक कोट, म्हणजे नवा थर चिकटावा म्हणून पातळ डांबर, फवारायचा, वर तीन-चार सेंटीमीटर हॉटमिक्स, मग रोलर. असे चार वेळा झाले की अर्ध्या फुटाच्या आसपास उंची वाढते. गटाराची तोंडे बुजतात, साईडपट्टी खोल राहते आणि समोरून बस आली म्हणून बाजूला घेतलेली स्कूटर तिथे घसरते.

एवढे करून रस्ता टिकला असता तरी अंगणातले पाणी आम्ही सोसले असते. पण जुन्या थरावर मगरीच्या पाठीसारख्या भेगा असतात तेव्हा बहुधा खालचा पाया हललेला असतो. वर नवा थर दिला तरी त्याच भेगा एक-दोन पावसाळ्यांत वर येतात. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आमच्या घाटाखालच्या भागात त्याहून जास्त. ते पाणी भेगेतून खडीच्या थरात शिरते. चिऱ्यांनी भरलेल्या ट्रकचे चाक वरून गेले की आत अडकलेले पाणी दाबले जाते, खडीवरचे डांबर सोलून काढते आणि खडी सुटते. लोकांना दिसतो तो खड्डा, आणि चवथीच्या तोंडावर आपण बुजवतो तोही खड्डाच. आतले पाणी तिथेच राहते.

म्हणून माझी मागणी रस्त्याच्या जाडीची नाही, क्रमाची आहे. आधी रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या मोऱ्या आणि गटारे मोकळी करा. मग जिथे पाया ओला आहे तिथे उकरून खडीकरण नव्याने करा. त्यानंतर मिलिंग मशीनने जुना थर खरवडून काढा आणि शेवटी हॉटमिक्स घाला. खरवडलेला माल फेकायचा नसतो, त्यातला काही भाग प्लांटमध्ये नव्या मिश्रणात घालता येतो. मिलिंगचा खर्च वाढेल, हे मला ठाऊक आहे. पण गटाराच्या कामाला कोणी नारळ फोडत नाही, म्हणून ते मागे पडते, हेही ठाऊक आहे.

उताराचेही तेच. सात मीटरच्या रस्त्याला अडीच टक्के उतार द्यायचा तर मधला भाग कडेपेक्षा जवळजवळ नऊ सेंटीमीटर उंच हवा. थरावर थर टाकताना तो नीट मापून घेतला नाही तर हळूहळू सपाट होत जातो, आणि मग पाणी रस्त्याच्या मधोमध साचते.

पणजीहून रायबंदरला जाणारा जुना मार्ग आपण पाहिलाच असेल. १६३३-३४ साली खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या सखल जमिनीच्या, चिखलात तीन किलोमीटरहून थोडा जास्त लांबीचा तो बांध घातला गेला, आणि बांधणाऱ्यांनी पाण्याला खालून जायला कमानी ठेवल्या. तेव्हा ट्रक नव्हते, हे मान्य. पाणी मात्र तेव्हाही होते.

जलवाहिनी आणि केबलसाठी खोदलेल्या चरांविषयी थोडक्यात. माती थराथराने ठोकून भरली नाही तर चर पहिल्याच पावसात बसतो आणि बाजूचा धड रस्ताही घेऊन जातो. बिल देण्याआधी चर कसा भरला ते पाहायला माणूस पाठवा.

आणखी एक साधी गोष्ट. प्रत्येक मोरीच्या कठड्यावर रस्त्याच्या पातळीची रंगीत खूण मारून घ्या. काम झाल्यावर रस्ता किती वर आला, हे मग गावातले शाळकरी पोरही फूटपट्टीने मोजेल.

आमच्या रस्त्याचे काम दिवाळीनंतर निघणार, असे पंच सांगतात. निविदेत मिलिंगची ओळ आहे का, तेवढे बघावे. नसेल तर हॉटमिक्स एक वर्ष थांबले तरी चालेल, गटार मात्र या पावसाळ्याआधी हवे.

आपला नम्र,
सत्तरीतील एक निवृत्त सुपरवायझर