कबर वेगळी, मकबरा वेगळा

संपादक महोदय, स. न. वि. वि.

खुलताबादची बातमी आली की एकाच परिच्छेदात वर ‘औरंगजेबाची कबर’ आणि खाली ‘औरंगजेबाचा मकबरा’ छापून येतं. कबर म्हणजे पुरलेली जागा. तिच्यावर उभारलेली इमारत तो मकबरा. औरंगजेबाच्या कबरीवर छतच नाही. वर माती, त्यात सब्जाचं रोप. भोवतीची संगमरवरी जाळीसुद्धा फार नंतरची. मकबरा आहे तो त्याच्या बेगमेचा, दिलरस बानूचा, छत्रपती संभाजीनगरात. तिथं घुमटाखालच्या जाळीवरून वाकून पाहिलं की खाली कबर दिसते, लोकांनी टाकलेल्या नाण्या-नोटांसकट. ‘मकबरा’ म्हटलं की इथला रिक्षावाला बेगमपुऱ्याकडंच वळतो, खुलताबादचा रस्ता धरत नाही! उपसंपादकांनी मथळा देताना एवढं बघावं.

– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर