पाच राजधान्या, नऊ दिवस आणि बाळ्याचं शेड्यूल

सांगली,
कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय विल्या,

दोनशेच्या वर फोटो पाठवले आणि तू प्रत्येकाला नुसता अंगठा दाखवलास. वहिनी म्हणाल्या, मोबाईलवर त्यांना काही नीट दिसत नाही. म्हटलं, मग सरळ कागदावरच लिहू. तसंही तुला डॉक्टरांनी महिनाभर घरात बसवलंय, वाचायला काहीतरी हवंच.

आधी एक गोष्ट. तुझी अँजिओप्लास्टी झाली त्या संध्याकाळी मी आणि बाळ्या तिकिटं रद्द करायला निघालो होतो. तूच आयसीयूतून निरोप धाडलास, "गाढवांनो, व्हिसा झालाय, जा." गेलो. पण नऊ दिवस हॉटेलात, गाडीत, कॉफीच्या दुकानात बाळ्या काउंटरवर तीन बोटं दाखवायचा आणि मग एक दुमडायचा. शेवटच्या दिवसापर्यंत.

बाळ्याचं शेड्यूल तू पाहिलं होतंस, पण ते अंमलात आलेलं पाहिलं नाहीस. कंडक्टर म्हणून लागून वाहतूक नियंत्रक होईपर्यंत एसटीत बत्तीस वर्षं काढलेला माणूस युरोपला गेला की काय होतं? व्हिएन्ना, ब्रातिस्लावा, बुडापेस्ट, प्राग, बर्लिन. प्रत्येक गावापुढे सुटण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ आणि शेऱ्याचा रकाना. शॉनब्रुनचा राजवाडा, ज्यात १,४४१ खोल्या आहेत, त्याला पन्नास मिनिटं. शेरा: "बाग बाहेरून." सेंट स्टीफन कॅथेड्रलच्या मनोऱ्याला ३४३ पायऱ्या आहेत म्हटल्यावर मी खाली बाकावर बसलो. बाळ्या वर जाऊन आला, धापा टाकत टिकमार्क केला. वरून काय दिसलं विचारलं तर म्हणाला, "गर्दी."

व्हिएन्नात मी मात्र एका ठिकाणी हटून बसलो. तिथल्या कलेतिहास संग्रहालयात ब्रॉयगेल ह्या सोळाव्या शतकातल्या चित्रकाराची खोली आहे. त्याची इतकी चित्रं जगात दुसरीकडे कुठे एकत्र नाहीत. १५६५ सालचं ते बर्फातल्या शिकाऱ्यांचं चित्र तुला आठवेल, शाळेत माझ्या वर्गाबाहेर जुन्या कॅलेंडरचं पान कापून लावलेलं होतं तेच. एकतीस वर्षं मी त्या पानावरून मुलांना जवळचं आणि लांबचं कसं दाखवायचं ते शिकवलं. खरं चित्र समोर आलं तेव्हा कळलं की कॅलेंडर छापणाऱ्याने आभाळाचा रंगच खाल्ला होता. ते निळं नाही रे, हिरवट राखाडी आहे, आणि खाली गोठलेल्या तळ्यालाही तोच रंग. तीन शिकारी आपल्याकडे पाठ करून निघालेत, कुत्री माना टाकून मागे, आणि एवढ्या सगळ्या खटाटोपातून हाती एक मरतुकडा कोल्हा. डावीकडे खानावळीची पाटी एकाच आकड्यावर लोंबकळतेय. ती पाटी कॅलेंडरात मला कधी दिसलीच नव्हती. बाळ्या दोनदा घड्याळ दाखवून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा माझ्या शेजारी बसला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "ह्यांना ओव्हरटाईम मिळाला नसणार."

ब्रातिस्लावाची गाडी तासाभराची. सांगलीहून कोल्हापूर गाठावं तशी एका देशाच्या राजधानीतून दुसऱ्या देशाच्या राजधानीत. पासपोर्ट बघायलाही कुणी आलं नाही. बाळ्याने ह्या गावाला चारच तास दिले होते आणि यादीत फारसं काही नव्हतं, म्हणूनच ते मला सगळ्यात आवडलं. गटाराच्या झाकणातून डोकं बाहेर काढून हनुवटीखाली हात घेऊन बसलेला एक ब्राँझचा माणूस आहे, तेवढा पाहिला. मग डॅन्यूबच्या काठावर बसून भडंग खाल्लं. हंगेरीचे राजे अडीचशेच्या वर वर्षं ह्या गावात मुकुट चढवून घ्यायचे, १५६३ पासून १८३० पर्यंत. आता तिथे दुपारी आज्या नातवंडांना आइस्क्रीम खायला घालतात.

दंडाची गोष्ट इथेच सांगून टाकतो. कुठल्या शहरात घडली ते लिहायचं नाही, अशी बाळ्याने शपथ घातलीय. तर एका शहरात तिकीट नुसतं विकत घेऊन भागत नाही, गाडीत चढण्याआधी खांबावरच्या यंत्रात घालून पंच करावं लागतं. बाळ्याने तिकिटं घेतली आणि घडी पडू नये म्हणून शर्टाच्या आतल्या खिशात जपून ठेवली. पुढच्या स्टेशनवर तपासनीस आला. कोरी तिकिटं बघून त्याने मान हलवली. बाळ्या मराठीत म्हणाला, "अहो, मी स्वतः खात्यातला आहे!" त्या माणसाने पावती फाडली. अन्याय काही नव्हता, सूचना भिंतीवर चित्रासकट लिहिलेली होती. पण बत्तीस वर्षांत विनातिकीट प्रवाशाची एक सबब न ऐकलेला आपला बाळ्या पावती हातात घेऊन असा उभा होता, की मला स्टेशनवर खाली बसून हसावं लागलं.

आता तुझ्या कामाचं, म्हणजे रेल्वेचं. ब्रातिस्लावाहून बुडापेस्टला जाताना रूळ डॅन्यूबच्या काठाने जातात. उजवीकडच्या खिडकीला बस, असं तुला सांगायचं होतं. आम्ही उतरलो ते न्युगाती स्टेशन १८७७ सालचं, आयफेलच्या कंपनीने बांधलेलं. तो मनोरा व्हायच्या आधीचं बरं का. पण तुझ्यासाठी वाकडी वाट करून केलेती स्टेशनला गेलो. १८८४ सालचं. दर्शनी भिंतीत दोन बाजूंना दोन पुतळे आहेत. राजे नाहीत, संत नाहीत, सेनापती नाहीत. एकीकडे वाफेच्या इंजिनवाला जेम्स वॅट, दुसरीकडे रेल्वे इंजिनवाला जॉर्ज स्टीफन्सन. फोटो पाठवला होता, त्यालाही तू अंगठाच दाखवलास. तुला कळलं नसणार कोण ते.

आणि तिथली पिवळी मेट्रो! १८९६ ची, युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली. खोल वगैरे काही नाही. रस्त्यावरून डझन-दोन डझन पायऱ्या उतरलं की फलाट. पांढऱ्या फरश्या, लोखंडी खांब, बुटके छोटे डबे. वरून ट्रॅफिक जाताना ऐकू येतो. मिरजेत ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज तिन्ही एका आवारात बघितलेला माणूस तू, तुला ती खेळण्यातली वाटली असती. पण मला खात्री आहे, तू उतरलाच नसतास.

त्याच शहरात संसद भवनापासून थोडं खाली, नदीच्या काठावर लोखंडी बूट आहेत. साठ जोड. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथल्या फासिस्ट टोळ्यांनी ज्यूंना काठावर उभं करून गोळ्या घातल्या. त्याआधी बूट काढून ठेवायला लावले, कारण बूट विकता यायचे. प्रेतं नदीने नेली. बूट कसे आहेत सांगतो. एकही सरळ नाही. कुणाचं तोंड नदीकडे, कुणाचा बूट कलंडलेला, बायकांच्या उंच टाचा, मध्येच एक अगदी लहान पाऊल. त्यात कुणीतरी चॉकलेट ठेवलेलं. बाळ्याच्या शेड्यूलमध्ये ह्याला पंधरा मिनिटं होती. तो उकिडवा बसला आणि एका पुरुषाच्या बुटाच्या टाचेवरून अंगठा फिरवायला लागला. तुला त्याच्या वडिलांचं गणपती पेठेतलं चपलांचं दुकान आठवत असेल. ते असाच अंगठा फिरवून गिऱ्हाइकाला सांगायचे, "तुम्ही बाहेरच्या बाजूला जोर देता." बाळ्या म्हणाला, "घडवणाऱ्याने टाचा झिजवल्यात बघ. नवे बूट नाहीत हे." पुढे काही बोलला नाही. आम्ही तिथून निघालो तेव्हा पुढचं ठिकाण बंद झालं होतं आणि त्याने शेऱ्यात काही लिहिलं नाही.

प्रागला रात्रीच्या गाडीने गेलो. बाळ्याच्या भाषेत रातराणी, एका हॉटेलचं भाडं वाचलं. गाडी पहाटे पोहोचते आणि त्याचा एक मोठा फायदा म्हणजे चार्ल्स पूल रिकामा मिळतो. १३५७ साली पायाभरणी, पाचशे मीटरवर लांब, दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे. एका पुतळ्याखालच्या ब्राँझच्या पाट्यांना लोकांनी हात लावून लावून ठरावीक जागांना अशी झळाळी आलीय, की देवळातल्या कासवाची आठवण झाली. दहा वाजता परत गेलो तर पाय ठेवायला जागा नाही. दर तासाला वाजणाऱ्या त्या जुन्या घड्याळापुढेही तसंच. सांगाडा दोरी ओढतो, खिडकीतून बारा प्रेषित फिरतात, शेवटी कोंबडा आरवतो आणि लोक हिरमुसून पांगतात. बाळ्या मात्र खूश. "१४१० चं आहे आणि टायमावर आहे," एवढंच म्हणाला. प्राग सुंदर आहे ह्यात शंका नाही, पण दिवसा ते फोटो काढणाऱ्यांच्या ताब्यात असतं.

तिथे पिंकास नावाचं ज्यूंचं जुनं प्रार्थनास्थळ आहे. आतल्या भिंतींवर नावंच नावं, हाताने लिहिलेली. बोहेमिया आणि मोराविया प्रांतांतल्या मारल्या गेलेल्या सुमारे ७८ हजार माणसांची. वरच्या मजल्यावर मुलांची चित्रं आहेत. विल्या, मी चित्रकला मास्तर आहे, मला ह्याची काही कल्पना नव्हती, ह्याची लाज वाटली. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस नावाची बाई. व्हिएन्नाची, बाउहाउस ह्या जर्मनीतल्या नामांकित कलाशाळेत शिकलेली. तेरेझीनच्या छावणीत तिला डांबलं, तर तिने तिथल्या मुलांना चित्रकला शिकवायला घेतली. मिळेल त्या कागदावर, रद्दीवर. १९४४ मध्ये तिला आउशविट्झला नेलं, तिथे मारलं. जाण्याआधी तिने सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून लपवून ठेवली. म्हणून ती आज भिंतीवर आहेत.

काय आहेत चित्रं? फुलपाखरं, घर, टेबलावर जेवण, दोन डोंगरांत सूर्य. आपल्या पोरांसारखीच, हुबेहूब. पण बहुतेकांवर नाव आहे. ती बाई मुलांना चित्रावर नाव घालायला सांगायची. छावणीत बाकी सगळीकडे नंबर. आणि मी? एकतीस वर्षं ओरडत आलो, "नाव मागच्या बाजूला घाल, चित्र खराब करू नकोस." एका मुलीचं चित्र बघताना ते मला माझ्याच आवाजात ऐकू आलं. बाहेर येऊन मी बाळ्याला काहीच सांगितलं नाही. तुला सांगतोय.

प्राग ते बर्लिनची गाडी नदीच्या कडेने उंच वालुकाश्माच्या कड्यांखालून जाते, ते तू एकदा बघायलाच हवं. तुझ्यासाठी माहिती काढून ठेवलीय. चेक बाजूला तीन हजार व्होल्ट डीसी, जर्मन बाजूला पंधरा हजार व्होल्ट एसी, तेही १६.७ हर्ट्झ. तरी इंजिन बदलायला गाडी थांबत नाही, एकच इंजिन दोन्ही विजांवर चालतं. कल्याणला आपण काय काय बघितलंय आठव.

बर्लिनबद्दल थोडक्यात लिहितो, हात दुखायला लागला. भिंत जिथे होती तिथे रस्त्यात दगडांच्या दोन ओळी बसवल्यात. बस, सायकली, पोरं सगळे वरून जातात. बाळ्या चारदा इकडून तिकडे गेला आणि म्हणाला, "एवढ्यासाठी माणसं मेली." फुटपाथवर जागोजाग तळहाताएवढे पितळी ठोकळे, इथे अमका राहत होता, तमक्या साली नेला. वाकल्याशिवाय वाचता येत नाहीत.

शेवटच्या दुपारी मी एक विनंती थांबा मागितला. शहराच्या कडेला डालेमला. इरावतीबाई कर्वे १९२७ नंतर तिथल्या मानववंशशास्त्राच्या संस्थेत डॉक्टरेट करत होत्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर. कवटीच्या ठेवणीवरून गोरे श्रेष्ठ ठरतात, असं त्यांचं गृहीतक. पुढे हेच गृहस्थ नाझींच्या वंशशास्त्राचे मोठे आधार झाले. बाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा काही फरक सापडत नाही, असं प्रबंधात लिहून टाकलं. पंचविशीतली, परमुलखातली बाई, गाइडच्या तोंडावर! इमारत आजही आहे, आता तिथे विद्यापीठातली पोरं शिकतात. दाराशी पाटी आहे, त्या संस्थेत पुढे काय काय झालं त्याची. आत गेलो नाही. पायरीवर बसून उरलेलं भडंग संपवलं. बाळ्याने विचारलं, "ह्या पुण्याच्याच ना? मग बरोबर. ऐकून घेणार नाहीत."

आता सांगायचं म्हणजे, बाळ्याने पुढच्या वर्षाचं शेड्यूल काढलंय. लिस्बन आणि माद्रिद. मी म्हटलं, दोनच शहरं? तर म्हणाला, "विल्याच्याने धावपळ व्हायची नाही." तेव्हा डॉक्टरांना विचारून ठेव आणि पासपोर्टची तारीख बघ.

पाकिटात एक तिकीट ठेवलंय. त्या पिवळ्या मेट्रोचं. सवयीने बाळ्याने तीन घेतली होती. दंड भरल्यापासून तो यंत्र दिसलं की आधी तिकडे जायचा. आपली दोन पंच केली, मग तिसरंही घातलं. मी म्हटलं, हे कशाला फुकट घालवतोस? तर म्हणाला, "पंच झालं की प्रवास झाला. देऊन टाक त्याला."

तुझा,
अन्या

ता. क. वहिनींना सांग, भडंगात लसूण जास्त झाला होता, पण रात्रीच्या गाडीतल्या एका चेक पोराने अर्धी पिशवी संपवली. पुढच्या वेळी दोन किलो लागेल.