फळी उचलण्याआधी

पुणे, 11 मे

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवरचे आपले बोलणे अर्धवटच राहिले. आमच्या साइटवर एक मुलगा पडल्याचे मी सांगितले, तेव्हा तुम्ही नेहमीप्रमाणे म्हणालात, "लक्ष नसेल त्याचे." अडतीस वर्षे परांचीवर उभे राहून थापी चालवलेल्या माणसाशी फोनवर वाद घालणे मला जमले नाही, म्हणून हे पत्र.

घडले ते असे. नवव्या मजल्यावर पाइपांसाठी सोडलेल्या डक्टच्या भोकावर प्लायवूडचा तुकडा नुसता टाकून ठेवलेला होता. माल कालवायला फळी हवी म्हणून त्या मुलाने तो दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला आणि एक पाऊल पुढे टाकले. हातातल्या फळीआड पायाखालचे भोक त्याला दिसलेच नाही. एक मजला खाली जाळी बांधलेली होती, म्हणून खांद्याच्या हाडावर निभावले. फळी उचलणाऱ्याचे लक्ष फळीकडेच असणार. चूक ती खिळे न मारता, 'खाली भोक आहे' असे तिच्यावर न लिहिता सोडून देणाऱ्यांची होती, आणि सुरक्षा अधिकारी म्हणून त्यांत मीही येते. आता स्लॅब भरताना अशा जागी सळयांची जाळी तशीच ठेवतो आणि पाइप टाकण्याची वेळ आली की मगच कापतो.

तुम्ही तरी कुठे नशिबावर हवाला ठेवून चढत होता? लहानपणी मी डबा घेऊन यायचे, तेव्हा परांचीची प्रत्येक फळी दोन विटांवर ठेवून तुम्ही तिच्यावर स्वतः उभे राहत असा, सुंभाच्या गाठी ओढून पाहत असा आणि मगच बिगाऱ्यांना वर बोलावत असा. मी आज लोखंडी पाइप आणि कपलिंगच्या बाबतीत तेच करते; फरक इतकाच की मला त्याचे रजिस्टर भरावे लागते. सेफ्टी बेल्टचेही तसेच आहे. बेल्ट सगळे घालतात, पण हूक अडकवत नाहीत, अशी तक्रार ऐकून मी एकदा वर जाऊन पाहिले, तर हूक अडकवायला जागाच नव्हती. डोक्याच्या उंचीवर दोर ताणून घेतल्यापासून कोणावर ओरडण्याची वेळ फारशी येत नाही.

2019 च्या जूनमध्ये कोंढव्यात सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळून 15 जण गेले. ती माणसे रात्री झोपलेली होती. त्यांनी कोणते लक्ष द्यायला हवे होते, हे मला कोणी सांगावे. तेव्हापासून पावसाळ्याआधी, म्हणजे याच महिन्यात, लेबर कॅम्प कुठे आहे आणि त्याच्या वरच्या अंगाला काय आहे, हे मी पहिल्यांदा पाहते.

पण माझी खरी काळजी धुळीची आहे, कारण ती आवाज न करता काम करते. वाळू, दगड, काँक्रीट यांत सिलिका असते; ग्राइंडरने भिंतीला झिरी मारताना तिचे डोळ्यांना न दिसणारे कण छातीत खोल जाऊन बसतात आणि फुफ्फुसावर व्रण धरतात. त्याला सिलिकोसिस म्हणतात. तो एकदा झाला की बरा होत नाही, शिवाय क्षयाचा धोका वाढवतो. कटरवर पाण्याची धार सोडली की धूळ तिथल्या तिथे बसते, इतका साधा उपाय आहे. पण चिखल होतो म्हणून ठेकेदार कुरकुरतात. तोंडावरच्या टॉवेलने हे कण अडत नाहीत. बाबा, तुम्ही आयुष्यभर टॉवेलच बांधलात.

म्हणून जिना चढताना तुम्हाला लागणारी धाप मला वयाची वाटत नाही. छातीचा एक्स-रे आणि नळीत फुंकण्याची तपासणी, दोन्ही करून घ्या. शिवाय बांधकाम कामगारांच्या सरकारी कल्याणकारी मंडळात नोंदणी 60 वर्षांपर्यंतच होते, आणि त्यासाठी मागच्या बारा महिन्यांत 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तुम्ही सत्तावन्नचे आहात आणि वर्षभर इकडेतिकडे प्लास्टरची कामे करतच आहात, तेव्हा ठेकेदाराकडून तो कागद मागायला संकोच करू नका. बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का उपकर घेतला जातो तो याच कामगारांसाठी. तो खर्चाविना पडून राहतो म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली सरकारांना फटकारलेही आहे.

आई, डॉक्टरांकडे तू सोबत जा. काय काम करत होता, असे विचारले की बाबा 'शेती' म्हणून मोकळे होतील. गवंडीकाम, अडतीस वर्षे, हे तू सांग.

तुमची,
सुमन