आधी मासा पाहा, मग लाईन सोड

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. सकाळभर तळ्यावर उभे राहूनही एकाही कार्पने तुझ्या फ्लायकडे, गळावर पिसे-दोरा बांधून केलेल्या त्या खोट्या आमिषाकडे, ढुंकून पाहिले नाही आणि काही तर लाईन पाण्याला टेकताच पळाले, हे वाचून वाईट वाटले. पण त्याच पत्रात ‘कार्प हा फ्लायचा मासाच नव्हे’ असा निकाल देऊन तू मोकळा झालास, तो मात्र मला मुळीच मान्य नाही. तुझे कास्टिंग, म्हणजे लाईन फेकणे, मी पाहिले आहे आणि त्यात खोट काढायला जागा नाही. अडचण एवढीच आहे, की नदीतल्या ट्राउटने तुला जे शिकवले ते तू जसेच्या तसे तळ्यावर नेलेस.

नदीत मासा प्रवाहाकडे तोंड करून एका जागी थांबतो आणि पाणीच त्याचे अन्न त्याच्यापर्यंत वाहून आणते. तळ्याचे पाणी असे काही आणून देत नाही, म्हणून तिथे मासाच फिरतो. त्यातून कार्पला जठर नसते; एकदा भरपेट खाऊन स्वस्थ पडून राहण्याची सोय त्याच्या शरीरात नाही, त्यामुळे पाणी पुरेसे उबदार असले की तो तासन्‌तास थोडे थोडे टिपत, काठाकाठाने आणि गाळातून हिंडत राहतो. तेव्हा फ्लाय सतत ओढत राहणे हे तळ्यावर तुझे कामच नव्हे. मासा ज्या वाटेने येतो आहे त्या वाटेवर ती नेऊन ठेवायची आणि मग हात आवरायचा. गाळातले गांडूळ किंवा चतुराची अळी माशाच्या तोंडापुढून सुसाट पळत नाही, आणि कार्पला ते पक्के ठाऊक असते.

पण फ्लाय टाकण्याआधी तो मासा काय करतो आहे हे ओळखायला हवे, आणि माझ्या मते या छंदाचा सारा जीव या ओळखण्यात आहे. पृष्ठभागाजवळ ऊन खात निश्चल पडलेला मासा मोठा आणि मोहात पाडणारा दिसतो, पण तो बहुधा खात नसतो. त्याला सोडून दे. सरळ रेषेत, वेगाने, कुठे तरी निघाल्यासारखा जाणाराही आपला नव्हे. वसंतात पाणी १७-१८ अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की उथळ पाणवनस्पतींत माशांची जी झुंबड आणि खळबळ दिसते ती विणीची असते. त्यांना त्रास देऊ नये. आपला मासा तो, जो डोके खाली आणि शेपूट वर करून तळ उकरतो आहे. पाणी उथळ असेल तर त्याच्या शेपटीचे टोक पृष्ठभागावर हलताना दिसते. खोल असेल तर गढूळ पाण्याचा ढग उठतो आणि त्यातून बारीक बुडबुड्यांची रांग वर येते. ती रांग नीट पाहा. कुजणाऱ्या पाल्यातून निघणारे बुडबुडे एकाच जागी, थांबून थांबून येतात. उकरणाऱ्या माशाचे बुडबुडे पुढे सरकत जातात, आणि ते ज्या दिशेला सरकतात त्या दिशेला त्याचे तोंड असते. एवढे कळले की मासा दिसला नाही तरी फ्लाय कुठे ठेवायची ते कळते.

आता तुझे मासे का पळाले ते सांगतो. कार्पच्या वाताशयापासून, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीपासून, आतल्या कानापर्यंत बारीक हाडांची एक साखळी असते, आणि त्यामुळे पाण्यातला आवाज आणि कंप त्याला इतर अनेक माशांपेक्षा फार चांगला ऐकू येतो. काठावर दणदण चाललेली पावले आणि डोक्यावर आपटलेली लाईन या दोन्हींची वार्ता त्याला लगेच पोहोचते. शिवाय पाण्याखालून बाहेरचे जग त्याला साधारण ९७ अंशांच्या एका गोल खिडकीतून दिसते, आणि त्या खिडकीच्या कडेला, म्हणजे पाण्यालगत, जे असते ते फार चेपलेले आणि अंधूक दिसते. म्हणून वाकून, हळू, झुडपांना पाठ लावून जावे. ताठ उभे राहून आभाळावर आपली आकृती उमटवू नये. पाण्याचा हा गुण आपल्यालाही फसवतो. ४ फूट खोलीवरचा मासा सरळ वरून पाहिला तर ३ फुटांवर असल्यासारखा वाटतो, आणि तिरपे पाहिले तर आणखीच वर. फ्लाय त्याच्यापर्यंत पोहोचायला तुझ्या अंदाजापेक्षा नेहमीच जास्त वेळ लागतो. पाण्यावरची चकाकी कापणाऱ्या पोलराइज्ड चष्म्यावाचून तर जाऊच नकोस. साधन म्हणून तो दांडीच्या खालोखाल महत्त्वाचा आहे.

उकरणाऱ्या माशाच्या अंगावर फ्लाय टाकू नये. त्याच्या पलीकडे आणि थोडी पुढे, ३-४ फुटांवर टाकावी, दांडीचे टोक उचलून ती पृष्ठभागावरूनच अलगद अलीकडे आणावी आणि नाकासमोर आली की टोक खाली करून तिला सरळ बुडू द्यावे. ती त्याच्यापासून वीतभर अंतरात तळाला टेकली पाहिजे. हातभर लांब पडली तर गढुळात तो तिच्याकडे वळणारही नाही.

यापुढचा क्षण सर्वांत अवघड असतो, आणि मला तो सर्वांत प्रिय आहे. कार्पच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. तो तोंड नळीसारखे पुढे काढून गाळासकट अन्न ओढून घेतो, टाळूवरच्या मऊ मांसल भागाने चाळतो आणि नको ते थुंकून टाकतो. हे सारे इतक्या चटकन आणि इतक्या हळुवारपणे होते, की फ्लाय तोंडात जाऊन बाहेर आली तरी हाताला पत्ता लागत नाही. म्हणून लाईनवर नव्हे, माशावर नजर ठेव. तो फ्लायच्या दिशेने दोन बोटे सरकतो, डोके किंचित खाली जाते, शेपटी एकदा ताठरते, कल्ले उघडमीट करतात आणि पाणी नितळ असेल तर ओठांची फिकट कड चमकून जाते. यातले काहीही दिसले की डाव्या हाताने लाईन हळूच ओढून दांडी उचल. ट्राउटसारखा झटका मारू नकोस. त्याने एक तर धागा तुटतो किंवा फ्लाय तोंडातून निसटते. त्याचे ओठ चिवट असतात, एकदा टोचलेला गळ चांगला टिकतो.

साहित्याचे फार स्तोम नको. सात किंवा आठ वजनाची दांडी (हा लाईनच्या वजनाचा क्रमांक, दांडीचे वजन नव्हे), चांगला ब्रेक असलेले रीळ, ९ ते १२ फुटांचा लीडर (लाईन आणि फ्लाय यांना जोडणारा बारीक धागा) आणि ६ ते १० नंबरचे मजबूत गळ पुरेत. रंग तळाशी मिळते, तपकिरी किंवा शेवाळी, असावेत. रंगापेक्षाही मी वजनाला जास्त महत्त्व देतो. उथळ पाण्यात फ्लायला मण्यांच्या साखळीचे हलके डोळे, खोल पाण्यात पितळी. हे डोळे गळाच्या दांड्यावर वरच्या बाजूला बांधले की फ्लाय उलटी बसते, गळाचे टोक वर राहते आणि तळाचा पाला अडकत नाही. फक्त पिकलेली तुती पाण्यावर झुकलेली असेल, तर सगळा हिशेब उलटा होतो: तिथे जमलेले कार्प फळाच्या ‘डुबुक्’ आवाजाची वाटच पाहत असतात, आणि तीच फ्लाय तिथे मुद्दाम आवाज करून टाकावी लागते.

मासा लागला की तो उडी मारणार नाही, पण जोराची धाव घेईल, बहुतेक सरळ पाणवनस्पतींकडे. दांडी उभी धरून त्याला थांबवता येत नाही. ती आडवी करून बाजूने ताण दे, म्हणजे त्याचे तोंड वळते. हात ओले करून, रबरी जाळीत, पाण्यातच गळ काढ; गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच चपटा केलेला असेल तर ते क्षणात होते. परत सोडायचा की नाही हे त्या तळ्याच्या नियमाप्रमाणे ठरव. मग तिथेच दुसरा मासा शोधत बसू नकोस. कार्पच्या नात्यातल्या मिनो माशांवर काम करताना कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ साली दाखवून दिले, की जखमी कातडीतून पाण्यात उतरणाऱ्या द्रव्याने आसपासचे मासे घाबरतात, आणि हा गुण या साऱ्या गोतात आढळतो. धावपळीचा गोंधळ तर वेगळाच. तळ्याच्या दुसऱ्या काठाला जावे हे उत्तम.

पुढच्या खेपेला पहिला अर्धा तास दांडी जमिनीवर ठेव आणि नुसता पाहा. बुडबुडे कुठे सरकतात, मासे कोणत्या काठाने जातात, तिथे पाणी किती खोल आहे आणि तळ कोणत्या रंगाचा आहे, एवढे मला सविस्तर लिहून कळव. त्या खोलीला शोभेल अशा वजनाच्या फ्लाय मी बांधून पाठवतो.

तुझा,
माधव