रिट्रॅक्टरचा क्लॅम्प कोकणात का बनू नये?

मा. संपादक,

रत्नागिरी जिल्ह्यातील एका रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात मी 26 वर्षे परिचारिका होते. पोटाच्या शस्त्रक्रियेत यकृत बाजूला ओढून धरणारा रिट्रॅक्टर तासभर हातात धरला की मनगटाला कळ लागते, पाते नकळत सरकते आणि डॉक्टरांना नेमकी हवी ती जागा झाकली जाते. लहान गावात त्यासाठी जादा माणूस मिळत नाही. रिट्रॅक्टर पकडून ठेवणारे, टेबलाला जोडायचे क्लॅम्प (शिकंजे) बाजारात आहेत. मात्र आमच्याकडे आलेला क्लॅम्प टेबलाच्या कडेच्या पट्टीवर बसलाच नाही, कारण युरोपीय पट्टी 25 बाय 10 मिलिमीटरची असते, तर जपानी 32 बाय 9 ची. म्हणून क्लॅम्पचा पट्टी पकडणारा जबडा सरकता हवा.

क्लॅम्प आवळायची मूठ मोठी आणि खाचांची असावी, म्हणजे रक्ताने ओल्या हातमोज्यांतूनही ती निसटणार नाही, आणि पकड मध्येच सैल करता यावी, कारण सतत दाबलेल्या ऊतींना इजा होते. स्क्रूच्या आट्यांत रक्त सुकून बसते. त्यामुळे पान्याशिवाय सगळे भाग सुटे झाले पाहिजेत. पोलाद निर्जंतुकीकरणाची 134 अंश सेल्सिअसची वाफ सोसणारे आणि शक्यतो 316 जातीचे घ्यावे, कारण त्यातील मॉलिब्डेनममुळे ते क्षारांपुढे अधिक टिकते. आमच्या खाऱ्या हवेत ही गोष्ट किरकोळ नाही.

मिरजोळे औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणारे कुशल हात आहेत. त्यांनी आणि तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यांनी आराखडा काढण्यापूर्वी, रीतसर परवानगीने, एक पूर्ण शस्त्रक्रिया उभे राहून पाहावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक निवृत्त परिचारिका, रत्नागिरी